अबोल्याचा नियम

बाई, तुम्ही गेलात त्याला बारा वर्षं झाली आणि कॉलेजात तुमच्या खुर्चीवर आता मी बसते. खोली तीच, खिडकीची जाळीही तीच, टेबलावर फक्त कॉम्प्युटर आलाय. गेले तीन आठवडे मी त्यावर एकच गोष्ट बघतेय, आणि ज्या मनाने बघतेय ते मला आवडत नाही, म्हणून तुम्हाला लिहायला घेतलं.

पडद्यावर एक गाव आहे. चाळीस ठिपके, एकेक ठिपका म्हणजे एकेक घर. या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक ठिपक्याला दोन-चार साधे नियम द्यायचे, कोणाचं ऐकायचं, कोणाचं बघून पीक बदलायचं, केव्हा रुसायचं, आणि बटण दाबून गप्प बसायचं. पुढे ते एकमेकांशी जसे वागतील त्यातून गावाचं काय होतं ते दिसतं. या ठिपक्यांना एजंट म्हणतात. चहा ठेवायला आलेला आमचा शिपाई पडद्याकडे बघत म्हणाला, "एवढे एजंट? मॅडम, माझा अडकलेला विमा यातला एकतरी सोडवंल का?"

हे गाव बनवलंय बेलापूरने. तुम्ही आम्हा दोघींना कधी नावाने हाक मारली नाही, आमच्या गावांवरूनच मारलीत. ती बेलापूर, मी भिंगार. शेवटच्या वर्षाला तुम्ही आम्हाला सर्व्हेला नेलंत ते हेच गाव. कांद्याचं बी, ज्याला तिकडे उळं म्हणतात, कोण कोणाकडून नेतो, हे शोधायचं होतं. मी चाळीस घरी फॉर्म घेऊन फिरले. "पेरायच्या आधी कोणाला विचारता?" सगळ्यांचं उत्तर एकच. "कुनाला इचारायचं? वावर माझं, कांदा माझा." मी चाळीस वेळा 'कोणालाही नाही' लिहिलं, सुवाच्य अक्षरात.

त्या संध्याकाळी तुमच्या स्वयंपाकघरात मी फरशीवर बसलेय. तुम्ही ओट्याशी मेथी निवडताय आणि माझे फॉर्म चाळताय. "भिंगार, तुझं अक्षर फार छान आहे," तुम्ही म्हणता, आणि गठ्ठा बाजूला ठेवता. मग बेलापूर येते, दोन तास उशिरा, साडीला धूळ. तिचा एकही फॉर्म भरलेला नाही. ती म्हणते, "बाई, मी कोणाला काही विचारलंच नाही. कोण कोणाच्या बांधावरून सरळ जातो आणि कोण वळसा घालून जातो, तेवढंच बघितलं. ज्यांचा अबोला आहे त्यांच्यात बी जात नाही." तुम्ही मेथी तशीच टाकून उठलात, हात धुतलेत, आणि स्वतः तिच्यासाठी चहा टाकलात. माझ्यापुढचा कप तोवर गार झाला होता. तो गरम करून देऊ का, असं तुम्ही विचारलं नाहीत. एका कपाचं मी इतकी वर्षं काय धरून बसले, असं रोज स्वतःला विचारते. पण धरून बसलेय, हे खरं.

पुढे पुण्याला संशोधनासाठी तुम्ही शिफारस केलीत ती तिची. "तू इथेच चांगली शिकवशील," मला म्हणालात. ते कौतुक होतं की समजूत, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी तिच्याशी बोलणं सोडलं. भांडण नाही, काही नाही. पत्रांना उत्तरं दिली नाहीत, एवढंच.

तुमच्या दहाव्याला ती आली होती. पंगत बसली तेव्हा आमटीची बादली घेऊन ती माझ्यापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "वाढू का?" मी म्हटलं, "मला कॉलेजला जायचंय," आणि पानावरून उठले. त्या दिवशी कॉलेजला सुट्टी होती. तिला ते ठाऊक असणार.

तीन आठवड्यांपूर्वी तिचा मेल आला. "आपण मूळ सर्व्हेत होतात, बाईंची सर्व्हेची वहीही आपल्याकडे आहे, तरी मॉडेल तपासून चुका कळवाव्यात." मला 'आपण'. येत्या सोमवारी ती हे कृषी खात्याच्या अधिकाऱ्यांना दाखवणार आहे. त्यावरून गावोगावचं बियाणं कोणामार्फत वाटायचं ते ठरेल.

मी बटण दाबलं. सुरुवातीला सगळं हुबेहूब चाललं. भावकीतला एक कांदा लावतो, दुसरा ईर्ष्येने त्याच्यापेक्षा जास्त लावतो. मग कुठेतरी कुरबूर, दोन ठिपक्यांमधली देण्याघेण्याची रेघ पुसली जाते. पण मी तीस वर्षं पुढे नेलं, तशा एकेक करत सगळ्या रेघा गेल्या. चाळीस ठिपके सुटे पडले, कोणी कोणाला बी देईना. तिच्या गावात अबोला एकदा धरला की सुटतच नव्हता.

हे चूक आहे, हे मला लगेच कळलं. सर्व्हेत एक म्हातारी भेटली होती. चुलत जावेशी चार वर्षं अबोला, आणि त्या वर्षी उळं मात्र तिच्याकडूनच आणलेलं. मी विचारलं, हे कसं?

"तिची सासू गेली ना. मेल्या घरी चूल पेटत न्हाई. मंग भाकरी-पिठलं कुनी न्यायचं? म्या नेलं."

"मग बोलणं झालं?"

"बोलायचं काय त्यात? मीठ वाढू का, म्हनलं. ती व्हय म्हनली. झालं की."

फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नव्हता, म्हणून मी ते लिहिलं नाही. तुम्हालाही सांगितलं नाही. बेलापूरला हे माहीत असायचं कारण नव्हतं. तिला माहीत होता तो एकच अबोला, आमचा, आणि तो मयताच्या जेवणालाही सुटला नव्हता. तिने नियम तिथून घेतला असेल का? विचारायची माझी हिंमत नाही.

तीन आठवडे मी कळवलं नाही. सोमवारी अधिकाऱ्यांपैकी कोणी शेतकऱ्याच्या घरचा निघेल, हसेल, आणि ती पुण्याहून आणलेले कागद आवरेल, हे चित्र मी मनात पुष्कळदा पाहिलं. चवीने पाहिलं. मग ज्यांना चुकीच्या हातून बी मिळणार किंवा मिळणारच नाही, त्यांचा विचार आला. तो आधी यायला हवा होता.

काल तिला फोन केला. म्हटलं, एक नियम राहिलाय. घरात मयत झालं की रुसलेला ठिपका जेवण घेऊन जातो, आणि रेघ परत जोडली जाते. मग तिने विचारलं, "हे तुला कुठे मिळालं?" 'आपण' नाही, 'तू' म्हणाली. मी ऐकलेलं आणि मला सुचलेलं आहे, असं सांगितलं असतं तर तिचं पुढचं वाक्य तुमच्या दहाव्याच्या पंगतीबद्दल आलं असतं. मी म्हटलं, "बाईंच्या वहीत आहे."

"बाई म्हणजे बाई," ती म्हणाली, आणि नियम माझ्याकडून शब्दशः लिहून घेतला.

वहीत तसं काहीही नाही. उभ्या आयुष्यात मला एक बरी गोष्ट सुचली, ती मी तुमच्या नावावर केली. फोन ठेवला तेव्हा मला तिचा हेवा वाटत नव्हता, बाई. तुमचा वाटत होता.