मौलालीच्या हातातला फोन

२ जून, सकाळी
दिपालीचं फर्मान: बिडी सुटल्याशिवाय बाळाला हात लावायचा नाही. घर माझं, लेक माझी, नातू माझा, आणि कायदा तिचा. बायकोही तिच्याच पार्टीत. ठीक हाय. जावयाने फोनमध्ये बिडी सोडायचं ॲप टाकून दिलंय. बारशाला बाळ माझ्याच मांडीवर असणार. हा बिभीषणचा शब्द हाय.

संध्याकाळी
एकही ओढली नाही. दोन चहासोबत झाल्या, पण चहासोबतची कुणी धरत नाही.

४ जून
ऐन धूर सोडताना ॲपचा मेसेज: बिभीषणजी, कसं वाटतंय? म्हणजे बघतंय की! आता टपरीवर जाताना फोन मौलालीकडे ठेवतो. कारखान्यात तो माझ्या शेजारच्या मागावर टॉवेल विणतो. आमची बिडीची दोस्ती वीस वर्षांची. त्याला सांगितलं, फोन वाजला की ॲप म्हणेल तसं कर, संशय यायला नको.

९ जून
ॲपने पदक दिलं. शाब्बास म्हणालं. घरात इतक्या वर्षांत कुणी म्हणालं नाही. मौलाली येडाच हाय. फोन म्हणतो पाणी पी, की हा पितो. दीर्घ श्वास घे म्हणतो, की डोळे मिटून घेतो. डबा खाल्ल्यावर माझा फोन खिशात घालून एमआयडीसीत चकरा मारतो. पावलं माझ्या नावावर पडतात. टपरीवर मात्र येईना झालाय. नाही आला तर नाही, माचिस वाचते.

१५ जून
ॲप म्हणतं, फुफ्फुसं ताजीतवानी झाली. जिना चढताना धाप लागली, पण जिनाच लई उभा हाय. दिपालीला पदक दाखवलं. तिने शर्टाचा वास घेतला आणि बाळाला आत नेलं. पुरावा समोर असून विश्वास नाही. पोरीला उगाच शिकवलं.

२२ जून, बारसं
मौलाली आणि त्याची बायको चांदबी बाळाला कुंची घेऊन आले. दिपाली म्हणाली, चाचा, तुमचा खोकला कुठं गेला? तो खुळा सगळं सांगून बसला. म्हणे, तुझ्या बापाचा फोन सांभाळता सांभाळता बिडी सुटली की पोरी. चांदबीने पदराने डोळे पुसले.
मी ठणकावून सांगितलं, ॲप माझं हाय, पदक माझ्या नावावर हाय.
दिपालीने बाळ मौलालीच्या मांडीवर दिलं. लगेच झोपलंसुद्धा. लई वाईट वाटलं मला.
मग म्हणाली, आप्पा, फोटो काढा. पण लांबून.
काढला.