झाकणावरची दोन अक्षरं

३ मार्च

परत काही नाही! नमुना नेहमीसारखा पाच मिनिटं उकळला, जेलवर चढवला, रंग दिला, धुतला. जिथे पट्टा दिसायला हवा तिथे कोरं करकरीत. वरच्या खाचेत तेवढा निळा गाळ अडकलेला. तो भाग कापून टाकला. ही पाचवी खेप.

घरी तोंड पाडून बसले तर नवरा म्हणाला, "तू नक्की करतेस काय, एकदा समजावून सांग तरी." सांगितलं. प्रथिन माणसाचं, पण प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींकडून बनवून घ्यायचं. ते पेशीच्या आवरणात टाक्यासारखं आत-बाहेर शिवलेलं असतं. आत्याबाई पेशी वाढवतात, साबणासारख्या पाण्याने ते सोडवतात, ट्यूबमध्ये भरून देतात. नमुना जेलमधून, म्हणजे जेलीसारख्या पातळ पाटीतून, सरकवला की प्रथिन असेल तिथे निळा पट्टा उमटतो; आहे की नाही ते बघायचं काम माझं.

"मग आहे का?"

तेच तर!

५ मार्च

आत्याबाई कुणाच्याच आत्या नाहीत. अठरा वर्षं इथे आहेत, पेशींना 'पोरं' म्हणतात आणि सरांनासुद्धा हात धुऊन यायला लावतात — म्हणून आत्याबाई.

आज विचारलं, "नमुन्यांबद्दल मला काही माहीत असायला हवं का?" मान वर न करता म्हणाल्या, "लिहिलंय की झाकणावर." वर आणखी — "तू तर एवढी शिकलेली!" टोमणा कळतो मला.

सगळी प्रयोगशाळा इंग्रजीत लिहिते, आत्याबाई मराठीत. झाकण नखाएवढं, त्यावर तारीख आणि खाली 'उ. न.' सगळ्या ट्यूबवर तेच.

६ मार्च

उ. न. — उरलेला नमुना! आंघोळ करताना डोक्यात प्रकाश पडला. मला उरलंसुरलं देतात! मग ताजा माल जातो कुठे? आणि तो निळा गाळ म्हणजे शिळ्या पेशींचा कचरा, दुसरं काय.

९ मार्च

सरांना सांगितलं. ट्यूब नाही दाखवल्या, नुसतं म्हटलं — पेशीच चांगल्या येत नाहीत. बाहेरच्या तीन प्रयोगशाळा महिनाअखेर या प्रथिनाची वाट बघतायत. माझे सहा महिनेही तेव्हाच संपतात, मला ठेवायचं की नाही ते तेव्हाच ठरणार. मी का म्हणून दुसऱ्याचं खापर डोक्यावर घेऊ?

सर म्हणाले, "वय झालं त्यांचं. कंत्राट तसंही संपतंय."

१० मार्च

आत्याबाई केबिनमध्ये. वीस मिनिटं दार बंद.

१३ मार्च

आज त्यांचा शेवटचा दिवस. टेबल तीनदा पुसलं. चष्मा, डबा, लोकरीची टोपी (थंड खोलीत घालायच्या ती) — सगळं एका पिशवीत मावलं. फ्रीजरमध्ये माझ्यासाठी बारा ट्यूब भरून ठेवल्यात.

"पोरांना दिवसाआड खायला घाल गं. आणि ओरडू नकोस कुणावर, आपल्याच हाताला कंप सुटतो."

कुणी तक्रार केली, ते त्यांना माहीत नाही. मी "हो" म्हटलं.

१७ मार्च

उकळायचं यंत्र बंद पडलं. मेकॅनिक म्हणाला, चार दिवस लागतील. सरांना तर आजच जेल हवं! वैतागून नमुना तसाच चढवला. नाहीतरी काही दिसत नाहीच.

पट्टा आला! नेमका हवा तिथे, बोटासारखा जाड. वरची खाच स्वच्छ, गाळाचा मागमूस नाही.

सर खूश. "बघ, हात बदलला की फरक पडतो!" चहा मागवला. माझं इथलं पक्कं झालं, असंही बोलून गेले.

ट्यूब आत्याबाईंनी भरलेल्या बारांतलीच होती. मी ते सांगितलं नाही. नुसतं झाकण बघत बसले. तारीख, आणि खाली तीच दोन अक्षरं.

१८ मार्च

आत्याबाईंना फोन केला. म्हटलं, "झाकणावर उ. न. लिहायचात ना, म्हणजे काय?"

"उकळू नये," त्या म्हणाल्या. "का गं?"