एका बिल्ल्याला एक ताट

९ नोव्हेंबर २०१६, बुधवार

जूनपासून इथे एक ओळ नाही. चूक माझीच, वही बिचारी टेबलावरच होती. आशाची बँकेने धुळ्याला बदली केली आणि बायकोशिवायच्या घरात लिहिण्यासारखं काही घडतच नाही, असं स्वतःला सांगत राहिलो. खरं कारण आळस. किंवा आपणच लिहिलेलं पुन्हा आपणच वाचायचं, याचा कंटाळा. दोन्ही असेल.

काल आठ वाजता टीव्हीवर ऐकलं — पाचशे-हजारच्या नोटा बंद. आज बँका बंद, एटीएम बंद. पाकिटात पाचशेच्या तीन आणि वर ऐंशी रुपये. म्हणजे माझ्याजवळ ऐंशी रुपये आहेत! वीस वर्षं वर्गात सांगतोय, नोट म्हणजे सरकारचा शब्द, आणि ज्याने शब्द दिला तो फिरवूही शकतो. मुलं लिहून घेतात. मी स्वतः हे वाक्य कधी पाकीट उघडून तपासलं नव्हतं. नोटा छापतात इथून दहा-बारा किलोमीटरवर, नाशिकरोडला. आणि सिडकोत आज दुधाच्या पिशवीला कोणाकडे सुट्टे नाहीत.

जेवायला भिमाबाईंकडे. अंबडच्या कंपन्या संपतात तिथे त्यांची पत्र्याची खाणावळ, सहा बाकं. कामगार त्यांना मावशी म्हणतात, आता मीही. जूनपासून माझं रात्रीचं जेवण तिथेच. तिथे आज कोणी घाबरलेलं नव्हतं, कारण तिथे बिल्ला चालतो. लोखंडी वायसर, त्यावर ठोकलेलं इंग्रजी बी. पगार झाला की पन्नासला एक या दराने काही माणसं आठवड्या-पंधरवड्याचे घेऊन ठेवतात. एका बिल्ल्याला एक ताट. कागदाच्या चिठ्ठ्या भिजायच्या, म्हणून दत्तूने हे बनवून दिले. दत्तू टर्नर आहे, नांदगावकडचा, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, आणि या शहरात माझ्याशी रोज बोलणारा एकमेव माणूस. ‘भि’चा ठसा बाजारात मिळेना म्हणून बी.

आज सगळे त्याला गव्हर्नर म्हणत होते. “गव्हर्नरसाहेब, तुमचे तरी उद्या चालतील ना?” तो मान खाली घालून जेवत होता, पण कान लाल झाले होते.

१३ नोव्हेंबर, रविवार

चार तास रांगेत. हातात दोन हजारांची एक नोट. ती कोणी मोडून देत नाही.

पण आज जे पाहिलं ते लिहायलाच हवं. फकिराच्या सलूनमध्ये बसलो होतो. दत्तूची कटिंग झाली, पन्नास रुपये. दत्तूने खिशातून बिल्ला काढून काचेसमोर ठेवला. फकिराने तो उलटा-सुलटा पाहिला आणि गल्ल्यात टाकला! “मला तरी रात्री कुठं जेवायचंय?” म्हणाला. संध्याकाळी गोटीराम किराणावाल्याकडे एक बाई बिल्ले देऊन तेल नेत होती. त्याचे हमाल मावशींकडेच जेवतात, त्याला चालतं.

कोणी अध्यादेश काढला नाही. समिती नाही. मावशींनाही हे ठाऊक नव्हतं, मी सांगितलं तर म्हणाल्या, “चालू द्या की. ताट तर हितंच मागणार.” माणसांना ज्याची गरज होती ते त्यांनी आपापसात शोधून काढलं, आणि ते कागदाहून खरं निघालं, कारण त्याच्या मागे भात-आमटी आहे. इथून जवळच चांदवडला एके काळी टांकसाळ होती. चांदवडी रुपया, शेजारच्या संस्थानाचा वेगळा, त्यापलीकडचा वेगळा, सगळे एकाच बाजारात चालायचे. कुठल्या नाण्याचा शब्द किती पक्का ते सराफ पारखायचे, कच्च्याला बट्टा लावायचे. नाण्याला स्पर्धेची भीती असायची. हे मी दरवर्षी एका तासात उरकतो. आज ते चालताना दिसलं. रस्त्यात थांबून हसलो असेन, एका रिक्षावाल्याने वळून पाहिलं.

आशाचा फोन आला तेव्हा सगळं एका दमात सांगितलं. ती कॅशिअर, दिवसभर नोटा मोजून बोटांना चिरा पडल्याचं सांगत असते. ऐकून म्हणाली, “छान. पण तुझा पगार कुठल्या बिल्ल्यात येतो? तू अनुदानित बाजारवादी आहेस.” मग म्हणाली, येत्या रविवारीही घरी यायला जमणार नाही. त्यापुढच्याही नाही.

अनुदानित. लागलं. कारण खरं आहे.

१६ नोव्हेंबर

आता बँकेत बोटाला शाई लावतात. बिल्ल्याला शाई लागत नाही.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार

मावशींना विचारलं, एकूण किती बिल्ले बाहेर आहेत? आधी तीनशे होते. आठ तारखेनंतर दत्तूकडून आणखी चारशे करून घेतले. भाजीवाल्याला देतात, गॅसवाल्याला देतात, तो पुढे कोणाला देतो कोण जाणे. वही नाही. मी म्हटलं, मोजायला हवेत.

“मोजून काय करू, सर? समद्यास्नी काय एकाच दिवशी माझ्याकडं भूक लागती?”

अख्खी बँकिंगची थिअरी या बाईने पोळी लाटता लाटता सांगितली. मी हसलो. पण घरी येताना मन खात होतं. सातशे बाहेर. रोजची ताटं एकशे वीस. मावशी लबाड नाहीत, हे मी छातीठोक सांगेन. पण त्यांना स्वतःला माहीत नाही आपण किती शब्द देऊन बसलोय. सरकारने असं केलं तर मी पानभर लिहितो. मावशींनी केलं तर हसतो. हे बरोबर आहे का?

२० नोव्हेंबर, रविवार

आज चूक केली. चूक म्हणू का? खोटं काहीच बोललो नाही.

जेवताना दत्तूने विचारलं, “सर, हे किती दिवस चालंल?” सहज विचारलं. मी सहज उत्तर द्यायचं होतं. मी ताटातली चटणी बाजूला सारून बोटाने आकडे काढायला लागलो. सातशे बाहेर, एकशे वीस रोजचे, सगळे एका दिवशी आले तर पाचशे ऐंशी माणसं उपाशी परत जातील. वर्गात बोलतो त्या आवाजात. समोरच्या बाकावर दोन अनोळखी पोरं जेवत होती, दुसऱ्या पाळीची असावीत. त्यांचा घास हातातच राहिला, ते मी पाहिलं. पाहूनही वाक्य पूर्ण केलं.

दत्तू हळूच म्हणाला, “सर, जेवा.”

२१ नोव्हेंबर

कॉलेज सुरू. ‘पैशाची कार्ये’ शिकवली. बिल्ल्याचं उदाहरण दिलं नाही.

२२ नोव्हेंबर, मंगळवार

जसं घडलं तसं लिहितो.

सकाळीच कानावर आलं, ‘बिल्ला बंद होणार’. शब्दसुद्धा तेच, बंद होणार. फकिराने काचेवर कागद चिकटवला: फक्त रोख. दुपारी कंपनीच्या गेटपाशी पन्नासचा बिल्ला तीसला मिळत होता. बट्टा! माझ्या डोक्यात आधी तो शब्द आला आणि क्षणभर आनंद झाला. हेही लिहून ठेवतो.

माझ्या खिशात चौदा बिल्ले होते. मी रोज आठला जेवायला जातो. आज शेवटचा तास सोडून दिला आणि तीन वाजता गेलो. घरून डबे घेऊन. अफवा कुठून आली हे ज्याला सर्वांत चांगलं ठाऊक होतं, तो रांगेत विसावा होता. माझ्यामागे रांग पार वळणापर्यंत गेली. कोणाला भूक नव्हती. बादल्या, डबे, प्लास्टिकच्या पिशव्या. एकाने पिंप आणलं होतं.

मावशी बाहेर आल्या. रांगेकडे पाहिलं. पदराने हात पुसले.

“पोळी सरली. भाकरी हाय. भाकरी सरली की खिचडी टाकते. बिल्ल्याला ताट भेटंल, घाई नाय.” मग जरा थांबून, “पर हे बोललं कोन?”

मी खाली पाहिलं. पायातल्या चपला पाहिल्या. म्हटलं, आता बोलायचं. आता.

“मी बोललो, मावशी,” दत्तू म्हणाला. तो पातेली उतरवून देत होता. “गंमत केली हो. पोरांना घाबरवलं. हिशेब-बिशेब कुठला?”

रांगेत कोणी शिवी घातली, कोणी हसलं. मागचे काही जण तिथूनच वळले. मावशी त्याच्याकडे वळल्या.

“बिल्ले तूच घडवलेस ना रे? उद्यापास्नं हितं येऊ नको.”

तो हातातलं पातेलं नीट खाली ठेवून गेला. माझ्या जवळून गेला, पाहिलं नाही.

मग गोटीराम टेम्पोत तांदूळ आणि ज्वारीचं पीठ घालून आला. मावशी म्हणाल्या, आज पैसे नाहीत. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “पैसे कोण मागतंय, भिमाबाई? बिल्ले द्या की.” आणि मोजून घेतले, सगळ्यांसमोर. त्यानंतर रांग विरळ होत गेली. सातपर्यंत पंधरा-वीस जण उरले होते. एकही माणूस ताटाशिवाय गेला नाही.

माझा नंबर आधीच लागून गेला होता. सहा बिल्ले दिले. सहा ताटांचं जेवण. मावशींनी माझ्या डब्यात एक पळी जास्त वाढली. “सर, तुमी तरी आपलं मानूस.”

२३ नोव्हेंबर

ओट्यावर सहा माणसांचं अन्न. एकाला पुरून उरलं, आंबलं. सकाळी कचऱ्याच्या गाडीत टाकताना शेजारीण म्हणाली, “पाहुणे होते का?” हो म्हटलं.

आशाला फोनवर रांगेचं सांगितलं. माझा भाग गाळून. ती म्हणाली, “आमच्याकडे रांगेत पुढे कोण असतं सांगू? ज्याला सगळं माहीत असतं तो.” तिने ते सहज म्हटलं. मला वाटतं सहज म्हटलं.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार

फकिराने कागद काढला. बिल्ला पुन्हा पन्नासला. लोक ओशाळल्यासारखे येतात, एक ताट जेवतात, जातात. मावशी कोणाला काही बोलत नाहीत.

दत्तूची जागा रिकामी. पोरं म्हणतात, गव्हर्नर गेटवर वडापाव खातो. कंपनीत त्याला ‘अफवा’ म्हणून हाक मारतात. “ए अफवा, आज काय बंद?” सगळे हसले. मी भात कालवत होतो.

मी स्वतःशी असा वाद घालतो: खरा आकडा लपवणं वाईटच. बाजार उघड माहितीवर चालतो, झाकलेल्यावर नाही. म्हणजे मी बोललो ते तत्त्वाने योग्य. बरं. मग ते मावशींना आधी का नाही सांगितलं? मागच्या शुक्रवारी त्यांच्यासमोर हसून गप्प बसलो आणि रविवारी त्यांच्या गिऱ्हाइकांसमोर पांडित्य केलं. ही माहिती नव्हे, हे मिरवणं. आणि मंगळवारचं गप्प बसणं कुठल्या तत्त्वात बसतं? तिथे तत्त्व नाहीच. मावशींनी मला हाकललं असतं तर मी कुठे जेवलो असतो, एवढाच विचार होता.

आज मावशींना सांगायचं म्हणून शेवटपर्यंत बसलो. त्या भांडी आवरत होत्या. “काय सर, घरी कोनी वाट बघत नाय का?” म्हणाल्या. नाही म्हटलं. उठलो.

२७ नोव्हेंबर, रविवार

चुंचाळ्याला दत्तूच्या खोलीवर गेलो. कुलूप. शेजारच्याने सांगितलं, ओव्हरटाइमला गेलाय, रविवारीही जातो आता. पायरीवर तासभर बसलो. मग आलो.

घरीच खिचडी केली. पाणी जास्त झालं.

२८ नोव्हेंबर, सोमवार

पाळी सुटताना गेटवर गाठलं. बोलायला लागलो, तर त्याने थांबवलं. “सर, माझी गंमत खपली. तुमची खपली नसती. हिशेब प्रोफेसरचा आहे म्हटल्यावर सातशेच्या सातशे आले असते, मावशी त्याच दिवशी बसली असती.” उपकार नव्हताच तो. माझ्या शब्दाची किंमत त्याने माझ्याआधी ओळखली आणि आपल्या शब्दाला बट्टा लावून घेतला. मी विचारलं, आता सांगितलं तर? तो म्हणाला, “आता काय नाय होत. लोकांनी एकदा मागून बघितलंय, ताट भेटलंय.” आणि सायकल काढली.

उद्या: आठच्या पंगतीत उभं राहून सगळ्यांसमोर सांगणे — ते मी बोललो.