माझ्या बोटांचं जाहीर वाचन

दिघा, रविवार दुपार (क्रांती झोपलीय तोवर)

आदरणीय गोजरामावशीला उज्वलाचा जयभीम. काकांना पण. तुझा गुडघा कसा हाय? शेळी व्याली का? इकडं आमी सगळे मजेत, असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. फोनच केला असता, पण फोनवर आधी तू रडतेस, मंग मी रडते, मंग क्रांती रडते, आणि कशाला फोन केलेला तेच राहून जातं. कागद भिजला तरी आवाज तर येत नाय.

तुला म्हाईतच हाय, क्रांती झाल्यापासून माझी बोटं सकाळी लाकडाची होतात. कुकरचं झाकण निघत नाय, चहाचा कप हातात राहत नाय (चार कपांचा सेट होता, आता आमी पाळीपाळीनं चहा पितो). डॉक्टर म्हणले संधिवात. जन्माचा. औषधानं गप बसतो, पण खोली सोडत नाय. मी म्हणले, हा तर म्हाताऱ्यांचा रोग ना डॉक्टर? ते म्हणले, याला वय विचारायची सवय नाय.

आता तो कुठून शिरला हे मला सोडून सगळ्यांना म्हाईत. सासूबाई म्हणतात, बाळंतीण असताना थंड पाण्यात हात घातले. शेजारीण म्हणते वांगी. आकाश म्हणतो मोबाईल (त्याच्या रबाळ्याच्या कंपनीत मशीन बंद पडलं की आधी शेवटचा हात कुणाचा लागला ते शोधतात, घरी पण तेच). मला टेन्शन आलं. खरंच माझंच काय चुकलं असंल तर? मंग दवाखान्यातल्या समजवायच्या मॅडम म्हणल्या, उज्वला, पहिल्यापासून सगळं लिहून काढ, मन हलकं होईल. सातवी शिकलेली बाई मी, पण मोठी जाड वही आणली आणि पहिल्यापासून म्हणजे पार जन्मापासून सुरू केलं. आईचं बाळंतपण, तू मला विहिरीवर विसरून आलीस ते, सगळं. लिहून लिहून हात भरून आला तरी मी अजून चौथीतच. आकाश रोज विचारायचा, मी नवरा म्हणून कधी येणार यात? म्हणलं थांब, अजून माझे दुधाचे दात पडतायत. शेवटी मधलं सोडलं आणि एकदम बोटांवर आले.

आता गंमत ऐक. सध्या वर्षावास चालू हाय, म्हणजे आपल्या गावासारखंच इथं पण रोज संध्याकाळी विहारात ग्रंथ वाचतात. वाचणारे हौसेराव, रिटायर क्लार्क, आवाज असा की गॅसची पावती वाचली तरी माणूस हात जोडंल. ग्रंथाचं कव्हर फाटलं होतं म्हणून सासूबाईंनी तो घरी आणला. मी निळा कागद घातला, उरला तो माझ्या वहीला घातला. (तिथंच माझं चुकलं. एवढं तरी नक्की सापडलं.) चांगुणाबाईंना, म्हणजे सासूबाईंना, वाचता येत नाय. त्यांनी पांढऱ्या रुमालात वही बांधली आणि ऐटीत गेल्या.

मी भात लावत होते, बघते तर ग्रंथ फळीवर! क्रांतीला काखेत मारलं आणि पळाले. पोचले तर वंदना झालेली, माणसं मांडी घालून बसलेली, आणि हौसेरावांनी मी खुणेला गोळ्यांचं रिकामं पाकीट ठेवलेलं तेच पान उघडलेलं: "पोरीच्या फ्रॉकचं बटण मला लागत नाय, ती म्हणते मम्मी तुझ्या हाताला झोप लागली का…" लोकांना वाटलं दृष्टांत हाय, पुढं अर्थ सांगतील. एक आजी म्हणल्या, साधू साधू. आणि हौसेराव समोर काय हाय ते बघत नायत, एकदा सुरू झाले की पूर्णविराम आल्याशिवाय थांबत नायत. मी वहीत पूर्णविराम दिलेलेच नव्हते, तो शिकवला त्या दिवशी मी शाळेत नव्हते (आता देते, धडा मिळाला). मंग काय, सगळं वाचलं गेलं. सासूबाई म्हणतात नाटक करते, ते. मी मोरीत नळ सोडून रडते, ते. क्रांती शाळेत जायच्या आत हात वाकडे झाले तर तिची वेणी कोण घालंल, ते पण.

पान संपलं तेव्हा ते थांबले. मला वाटलं, जमीन फाटून खाली ठाण्याला निघावं. तेवढ्यात मागून एकीनं हात वर केला. म्हणली, माझी पण बोटं अशीच होतात, मी घरात सांगितलंच नाय. मंग दुसरी. आणि सासूबाई उठल्या. मी डोळेच मिटले. त्या म्हणल्या, "हौसेरावभाऊ, ते 'नाटक' तेवढं खोडा."

दुसऱ्या सकाळी उठले तर सासूबाईंनी माझ्या हातांसाठी गरम पाण्याचं घमेलं भरलेलं. आता रोज विचारतात, आज माझ्याबद्दल काय लिहिलं. बायका पण विचारतात, पुढं काय झालं? मी म्हणते, अगं, पुढं व्हायचंय अजून.

माझं चुकलं कुठं ते काय वहीत सापडलं नाय. आता शोधायचं सोडलं.

बाकी इथं ठीक. मोठ्यांना जयभीम, बारक्यांचा गालगुच्चा माझ्या वाटचा तूच घे.

तुझी,
उज्वला

ता.क. खरं काम राहिलंच. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या गुरुवारपासून मला इंजेक्शन चालू करायचंय, दर आठवड्याला. दोन तारखा मी भिऊन चुकवल्या. दवाखान्यात सांगितलं, गावाला मावशी सिरीयस हाय. (माफ कर, तुला टायफॉईड दिला.) मावशी, मला लई भीती वाटते. येशील का? काय आणू नको. नुसता हात धर. हळू धर.

आणखी ता.क. तुझा पिनकोड बघायला पत्र सासूबाईंबरोबर हौसेरावांकडं पाठवलं होतं. पाकीट उघडंच होतं. त्यांना मोठ्यानं वाचायची सवय. समोर महिला मंडळ बसलेलं. आता सगळे तुझ्या टायफॉईडची चौकशी करतायत, आणि गुरुवारी अर्धा विहार माझ्याबरोबर दवाखान्यात येतोय. सासूबाईंनी उजवा हात आत्ताच धरून ठेवलाय, हे डाव्यानं लिहिते. तू लवकर निघ, नायतर तुझा नंबर लागायचा नाय.