तुझं भांडं आणि माझं नाक

आदरणीय बेयाताई,

नाबलहून तुझ्या धाकट्या भावाचा, तिजानीचा सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? बाळंतीण बरी आहे ना? नातू तुझ्यावर गेला असेल तर त्याचं रडणं इथपर्यंत ऐकू यायला हवं होतं. आमचं सगळं ठीक. (ठीक नाही. पण सुरुवातीला असंच लिहितात.)

लेकीच्या बाळंतपणाला स्फाक्सला जाताना आईचं अर्क काढायचं तांब्याचं भांडं तू माझ्या हवाली केलंस. कडू संत्र्याला फुलं आली की तूच त्यांचं सुवासिक पाणी काढ, गल्लीत तुझ्यासारखं नाक कुणाला नाही, म्हणालीस. खोटं नव्हतं ते. कुणाच्या भांड्यात पाणी आटून फुलं तळाला लागायला आली, की मला शेजारच्या अंगणातून कळायचं. बायका मला मुद्दाम बोलावून खुर्ची द्यायच्या. आता त्या खुर्चीचीच लाज वाटते.

झालं असं, की हिवाळ्यात सर्दी झाली आणि मी नाक मोकळं करणारे थेंब आणले. काय सांगू, स्वर्ग! पण थेंबांचा जोर ओसरला की नाक आधीपेक्षा जास्त चोंदायचं, मग पुन्हा थेंब. बाटली खिशात, उशीखाली, पाहुण्यांकडे जाताना मोज्यातसुद्धा. भांड्याशी बसलो तेव्हाही थेंब घालूनच बसलो होतो. श्वास झकास चालला होता. वासाचा मात्र पत्ता नव्हता. तुझी वर्षाची फुलं मी करपवली, आणि वर ते पाणी तुझ्या नावाने गल्लीभर वाटलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या झुबैदाकडे कॉफीला गेलो. सुवासासाठी प्रत्येकीच्या कपात तेच फुलांचं पाणी पडलं. एक घोट घेतला आणि सगळ्यांनी कप खाली ठेवले. शेवटी माझीच बायको सल्हा म्हणाली, “अहो, एवढा करपट वास येत नाही तुम्हाला? नाक काय शोभेला लावलंय?” हे झालं कसं, असं झुबैदाने विचारलं. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

मग डॉक्टरीणबाईंकडे गेलो. म्हणाल्या, नाकात डोळ्यांना न दिसणारे केस असतात, ते दिवसरात्र धूळ-शेंबूड घशाकडे झाडत असतात. तुमच्या थेंबांनी, आणि थेंब टिकावेत म्हणून घातलेल्या रसायनाने, ते मंदावलेत. सूजही आहे, म्हणून वास नाही. तपासायला त्या नाकात एक गोड कण ठेवतात. केसांनी तो मागे नेला की घशाशी गोड लागतं. मला नापास व्हायचं नव्हतं. त्या वाकताच मी ओरडलो, “गोड! फार गोड!”

“तिजानीसाहेब,” बाई म्हणाल्या, “कण अजून माझ्या चिमट्यात आहे.”

दाराबाहेरचे रुग्णसुद्धा हसले. मग कण खरंच ठेवला. ते हसणारे सगळे तपासून घरी गेले तरी मला काही गोड लागलं नाही.

आता थेंब बंद. मिठाच्या पाण्याने नाक धुतो आणि तोंड उघडं टाकून झोपतो. वास येईल म्हणतात, पण सावकाश.

तुझा, तोंड लपवून बसलेला,
तिजानी

ता. क. बाळाच्या सातव्या दिवसाच्या समारंभासाठी पाठवलेली फुलांच्या पाण्याची बाटली उघडू नकोस.

ता. क. ईदला स्फाक्सला आलो तेव्हा तिथल्या न्हाणीघरात माझी थेंबांची बाटली राहिली. फेकून दे. (त्याआधी किती उरलेत ते कळव.)

ता. क. झुबैदाला मी सांगितलं, की बेयाताईने भांडंच नीट घासलं नव्हतं. तू आलीस की बायका तुला भांडं घासायला शिकवतील. मला खरं बोलायचा धीर येईपर्यंत निमूट शिकून घे. भांडं लख्ख होतं गं. तेवढं मला नाकाशिवायही दिसत होतं.