‘रचणारी’ची वेलांटी

बाईसाहेब, तुम्हाला जाऊन नऊ वर्षे झाली आणि माझे बोट पुन्हा त्याच शब्दापाशी अडले आहे. गिरगावातल्या त्याच छापखान्यात मी अजून अक्षरांचे खिळे जुळवतो. तुम्ही पियानोसाठी बांधलेल्या गतींच्या मी केलेल्या नकला गेल्या महिन्यात मुलींच्या शाळेत पियानो शिकवणाऱ्या बाईंना दिल्या. शाळेच्या समारंभात त्या एक गत वाजवणार आहेत. पत्रक माझ्याकडेच आले. मी तुमच्या नावापुढे ‘रचणारी’ जुळवले, तर शाळेच्या चिटणीसांनी ‘री’वर तांबडी रेघ मारून ‘रा’ करून पाठवले. तुमच्या फ्रेंच नावावरून आमच्याकडे कोणाला कळणार, बाई की बुवा? उद्या सकाळी छपाई आहे.

मराठी चौथीनंतर माझी शाळा सुटली, पण अक्षर नीट म्हणून तुम्ही मला नकला करायला ठेवलेत. दर रविवारी सकाळी मी तुमच्या ठाकुरद्वारच्या माडीवर येत असे. ती पाच रेघांची लिपी मला वाचता येत नव्हती, अजूनही येत नाही. ठिपका ज्या रेघेवर असेल त्याच रेघेवर काढायचा, एवढेच माझे काम. खाऱ्या हवेने पियानोच्या पट्ट्या फुगून अडकतात आणि तुम्ही त्या लोणी लावायच्या सुरीने सोडवता. दार उघडताच म्हणता, “ये. मी आताच बाजारातून आला.” मी म्हणतो, “आले, बाईसाहेब.” तुम्ही म्हणता, “आले चहात घालतात,” आणि हसता.

नकला चालू असताना तुम्ही लहानपण सांगत असा. वडील मोठे सरदार, दारापासून फाटकापर्यंत जायलाही घोडागाडी. पियानोला कुलूप आणि किल्ली आईच्या कमरेला. पाहुणे आले की कुलूप निघायचे, मुलीने दोन गती वाजवायच्या, की पुन्हा कुलूप. म्हणून तुम्ही जेवणाच्या टेबलाखाली मांडीवर बोटे चालवून गती बांधू लागलात आणि धोब्याच्या यादीच्या पाठीवर उतरवू लागलात. सतराव्या वर्षी त्यातली एक छापली गेली, पण वडिलांनी तिच्यावर तुमच्या शिक्षकांचे नाव घातले. सरदाराच्या मुलीने वाजवावे, बांधायचे काम पोटासाठी करणाऱ्यांचे, असे ते म्हणाले होते. “आणि शिक्षक?” मी विचारले. “त्याने माझे आभार मानले. फार सभ्य माणूस होती.” त्या वेळी मी तुमची चूक सुधारली नाही.

संगीत बांधणाऱ्या बाईला मराठीत काय म्हणतात, हे तुम्ही त्याच दिवशी विचारलेत. मी ‘रचणारा’ लिहिले, मग शेवटचा काना खोडून वेलांटी काढली. “बस? एवढंच?” “एवढंच.” “आमच्या भाषेत त्या शब्दाची बाईच होत नाही,” तुम्ही म्हणालात, आणि तो कागद पियानोवर उभा करून ठेवलात.

तीन महिन्यांनी तुमच्या जलशाचे पत्रक आमच्याच छापखान्यातून निघाले. आयुष्यात पहिल्यांदा तुमच्या गतींवर तुमचे नाव छापले गेले, आणि त्यापुढे ‘रचणारा’. गठ्ठा घेऊन मीच आलो. तुम्ही ओळीखाली बोट धरून वाचलेत. “मला दर रविवारी शिकवतो, आले, आले. आणि कागदावर मी आला?”

“मालकांनी बदललं.”

“तू सांगितलं नाहीस?”

“सांगितलं.”

जलशात तुम्ही वाजवून थांबलात तसे लोकांनी विचारले, हे रचणारे साहेब कुठे बसलेत? तुम्ही म्हणालात, “तो आज आला नाही.” लोकांनी माना डोलावल्या. त्या उत्तराचा मला अजून राग येतो. उठून ‘मीच’ म्हणायला काय झाले होते? त्याच वर्षी तुम्ही तापाने गेलात आणि लोकांच्या लेखी तो साहेब तेवढा राहिला.

आज दुपारी तो तपासलेला कागद घेऊन मालकांकडे गेलो. म्हणालो, “री बरोबर आहे.”

“अरे, चिटणीस बीए आणि तू चौथी. रा लाव आणि मोकळा हो.”

“बाई होत्या त्या.”

“बाई वाजवेल. बांधेल कशी? तू नकला केल्यास, बांधताना बघितलंस?”

बघितले होते. माझ्याशी बोलता बोलता तुमची बोटे मांडीवर चालत असत. पण मांडीवरची बोटे मालकांना काय सांगू? पान मात्र यंत्रावर चढवून आलो आहे आणि त्यात ‘री’च आहे. सकाळी ते पाहतील तेव्हा मी तिथेच उभा असेन.

हे पत्र कुठे टाकायचे नाही, म्हणून खरे ते लिहितो. तुमच्या जलशाच्या पत्रकावेळी मालकांनी ती ओळ पाहिलीसुद्धा नव्हती. लोक म्हणतील, याला साधे लिंग कळत नाही, आणि माझ्या शुद्धलेखनात कोणी चूक काढलेली मला सोसत नसे. म्हणून ‘री’चा खिळा मीच उचलला आणि तिथे ‘रा’ बसवला.