एकट्याचा पलंग

ती. ताईस, तुझ्या धाकट्याचा नमस्कार.

मी बरा आहे, जेवणही वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे?

ही गेली, तरी आम्ही दोघांनी घेतलेल्या गाडीत राहूनच फिरायचं ठरवलंय. आत जागा बेताची, म्हणून आज घडी घालता येणारा एकट्याचा पलंग बघायला गेलो. सुतार म्हणाला, "आडवे होऊन बघा." आडवा झालो आणि धाडकन खाली पडलो.

"अहो, मधे झोपा की! बाजूला कुणाला जागा ठेवलीत?"

मी जमिनीवर बसूनच राहिलो. रोज असाच कडेला झोपतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

लागलं काही नाही, काळजी करू नकोस. पलंग मात्र दोघांचा सांगून आलो. गाडीत उभं राहायला जागा उरणार नाही, पण झोप तरी लागेल.

भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा